पगार परगावी, टोपी गावची

सुगी संपली की शिरूर-दौंडकडच्या गावांत टेनिस बॉल क्रिकेटचे फ्लेक्स लागायला सुरुवात होते. त्यातल्या बऱ्याच स्पर्धांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'एक गाव एक संघ'. म्हणजे बाहेरून भाड्याने प्लेयर आणायचे नाहीत, खेळाडू त्याच गावचा हवा, मैदानावर येताना आधार कार्ड आणायचं. नियम वाचायला एकदम सोपा. पण तो कारेगावात लावून बघा, मग गंमत कळेल.

कारेगाव म्हणजे पुणे-नगर रस्त्यावरचं, रांजणगाव एमआयडीसीला खेटून असलेलं गाव. फियाट, एलजी, व्हर्लपूल अशा कारखान्यांच्या शेजारचं. इथे कामाला आलेला एखादा गडी परभणीचा असतो, एखादा यवतमाळचा, एखादा बिहारचा. आठ-आठ वर्षं भाड्याच्या खोलीत राहतो, शिफ्ट सुटली की इथल्याच मैदानावर खेळतो, पण आधारवर पत्ता अजून परभणीचाच. उलट ज्याचं घर कारेगावचं, आधार कारेगावचं, तो हिंजवडीत नोकरीला आणि वाकडला फ्लॅटमध्ये. गावात येतो यात्रेला आणि दिवाळीला.

मग गावचा प्लेयर कोण? कागद म्हणतो दुसरा. मैदान म्हणतं पहिला. आणि वाद घालायला बसलात तर दोन्ही बाजू शेवटी एकाच शब्दावर येतात: निष्ठा. हा शब्द आला की समजावं, चर्चा संपली आणि भांडण सुरू झालं.

हाच वाद देशांच्या पातळीवरही चालतो, आणि तिथेही तो असाच रंगतो. सगळ्यात जास्त रंगतो तो रग्बीत. फ्रान्स आणि जपानमधले क्लब भरपूर पैसा देतात, त्यामुळे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, वेल्स इथले चांगले खेळाडू तिकडे जातात. मग प्रश्न येतो: परदेशी क्लबकडून खेळणाऱ्याला देशाच्या संघात घ्यायचं की नाही?

न्यूझीलंडचा नियम कडक. घरच्या स्पर्धेत खेळत असाल तरच 'ऑल ब्लॅक्स'. (मध्ये एखाद्या हंगामापुरती सुट्टी काढून बाहेर कमवायची मुभा मोठ्या खेळाडूंना मिळते, पण करार घरचाच.) या नियमावर त्यांनी 2011 आणि 2015 चे विश्वचषक जिंकले. ऑस्ट्रेलियाने 2015 साली नियम सैल केला. 60 कसोटी आणि देशात 7 वर्षं खेळून झालेली असतील तर बाहेर असलात तरी चालेल. मॅट गिटो त्या वेळी फ्रान्समधल्या तूलाँ क्लबकडून खेळत होता, त्याच्यासाठी ही खिडकी उघडली म्हणून तिला 'गिटो लॉ' म्हणतात. त्या वर्षी ऑस्ट्रेलिया फायनलला पोचला. त्याच तूलाँचा स्टेफन आर्मिटेज हा इंग्लंडचा खेळाडू 2014 साली युरोपातला सर्वोत्तम ठरला होता. इंग्लंडने 'बाहेर खेळतो' म्हणून त्याला 2015 च्या संघात घेतलं नाही. घरच्या मैदानावरच्या विश्वचषकात इंग्लंड गटातच गारद. दक्षिण आफ्रिकेने 2019 पासून दार सताड उघडं ठेवलं आणि 2019, 2023 असे लागोपाठ दोन विश्वचषक नेले. 2023 च्या फायनलमध्ये त्यांनी न्यूझीलंडला 12-11 असं हरवलं. ते 12 च्या 12 गुण काढले हँड्रे पोलार्डने, आणि पोलार्ड त्या वेळी नोकरीला होता इंग्लंडमधल्या लेस्टर क्लबात!

यावरून 'दार उघडं ठेवा, चषक मिळेल' असं म्हणायचा मोह होतो. पण कडक नियमवाल्यांनीही चषक जिंकलेत, तेव्हा निकालावरून नियम ठरत नाही. तो ठरवायला जरा मागे जावं लागतं. आपल्याकडे रग्बी फारसं कुणी बघत नाही, पण हाच खटला आपल्याकडे क्रिकेटमध्ये रग्बीच्या कितीतरी आधी चालून गेला आहे. साल 1952. आरोपी विनू मंकड.

आता मंकड हे नाव तरुण पिढीला माहीत आहे ते नॉन-स्ट्रायकरला धावबाद करण्यावरून. हा त्या माणसावर अन्यायच आहे. जामनगरचा हा गडी डावखुरा फिरकी टाकायचा आणि उजव्या हाताने सलामीला यायचा. 1946 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने हजार धावा आणि शंभर बळी अशी दुहेरी मजल मारली होती. रणजी तो नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान अशा संघांकडून खेळला. आजच्या भाषेत सीव्ही बघून एचआर विचारेल, 'इतक्या नोकऱ्या का बदलल्या?' कारण सरळ आहे. क्रिकेट हाच त्याचा धंदा होता, आणि जिथे काम तिथे जाणं भाग होतं. त्या काळी भारताकडून कसोटी खेळून घर चालत नसे.

मग घर कसं चालायचं? एक रस्ता लँकेशायर लीगचा. इंग्लंडच्या उत्तरेला कापडगिरण्यांची छोटी छोटी गावं. प्रत्येक गावाचा एक क्लब. संघातली बाकी मंडळी गिरणीत, दुकानात, खाणीत काम करणारी, आणि त्यांच्यात एकच पगारी खेळाडू: 'प्रो'. सामने शनिवारी दुपारी. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाईन 1929 पासून नऊ हंगाम नेल्सन गावाचा प्रो होता आणि त्याला बघायला गाव लोटायचं. आपला लाला अमरनाथही 1938 साली तिथेच होता. म्हणजे 'एक गाव एक संघ', फक्त वरती एक पाहुणा, आणि तो पाहुणा आहे हे सगळ्यांना मान्य. आपल्या ओपन टूर्नामेंटमधल्या 'आयकॉन प्लेयर'चा हा थोरला भाऊच.

1952 च्या हंगामासाठी हॅस्लिंगडन या क्लबाने मंकडला बोलावलं. त्याच उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर जाणार होता. मंकडने क्रिकेट मंडळाला विचारलं, मला दौऱ्यावर नेणार असाल तर मी हॅस्लिंगडनला नाही म्हणतो, पण तसं आधी सांगा.

हे कोण विचारत होतं ते बघा. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपली पहिलीवहिली कसोटी जिंकली होती, इंग्लंडविरुद्ध. वीस वर्षं वाट बघून मिळालेल्या त्या विजयात मंकडचे बळी होते 12. पहिल्या डावात 55 धावांत 8, दुसऱ्यात 53 धावांत 4. असा माणूस दोनतीन महिन्यांनी निघणाऱ्या संघात असेल की नाही, एवढंच विचारत होता.

मंडळाने हमी द्यायला नकार दिला.

नकारामागे तत्त्व नव्हतं असं नाही. निवड समितीने निवड करण्याआधी कुणालाच शब्द देऊ नये, आज मंकडला दिला तर उद्या आणखी चौघं मागतील, हा युक्तिवाद कागदावर बरोबर आहे. पण कागदाबाहेर एक माणूस होता, ज्याच्या हातात एका हंगामाच्या कमाईची ऑफर होती आणि ऑफरला तारीख होती. ती गेली की वर्षाची मिळकत गेली. ऑफर लेटर हातात घेऊन 'बघू, कळवतो' ऐकलेल्या कुणालाही हा प्रसंग समजावून सांगायला नको. मंकडने हॅस्लिंगडनला होकार कळवला. संघ विजय हजारेंच्या नेतृत्वाखाली त्याच्याशिवाय निघाला.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं, निदान त्याचा एक आकडा तरी. शून्य बाद चार.

लीड्सला 5 जूनला पहिली कसोटी सुरू झाली. पहिला डाव वाईट नव्हता. वीस वर्षांच्या विजय मांजरेकरने 133 काढल्या, हजारेंनी 89, दोघांची भागी 222 धावांची. दुसऱ्या डावात मात्र पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि मांजरेकर असे चौघे परतले तेव्हा फलकावर एकही धाव नव्हती. पहिल्या 14 चेंडूंत चार बळी. त्यातले तीन पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमनचे. हजारे आणि कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी किल्ला लढवून धावसंख्या 165 पर्यंत नेली, पण इंग्लंडने सामना सात गड्यांनी घेतला.

आणि मग मंडळाला आठवलं की आपला सगळ्यात मोठा अष्टपैलू खेळाडू इथेच इंग्लंडात आहे. लीड्सपासून काही तासांच्या अंतरावर. दर शनिवारी गिरणी कामगारांबरोबर खेळतोय.

हॅस्लिंगडनशी बोलणी झाली. क्लबाने मंकडला उरलेल्या तीन कसोट्यांसाठी मोकळं केलं. या गोष्टीत मला सगळ्यात आवडणारं पात्र खरं तर हा क्लब आहे. त्यांचा सगळा गल्ला शनिवारच्या गर्दीवर. कसोटी गुरुवारी सुरू व्हायची, म्हणजे मधला शनिवार गेलाच. तरी त्यांनी आपला एकुलता एक पगारी खेळाडू सोडला. मंडळ जे 'आधी' देऊ शकलं नाही, ते एका छोट्या गावच्या क्लबाने 'नंतर' देऊन दाखवलं.

19 जूनला लॉर्ड्सला सामना सुरू झाला. मंकडने त्या हंगामात एकही प्रथम श्रेणी सामना खेळलेला नव्हता. थेट सलामीला आला, रॉयबरोबर 106 ची सलामी दिली आणि स्वतः 72 काढल्या. भारताच्या एकूण 235. मग गोलंदाजी. इंग्लंडने 537 चा डोंगर रचला, हटन 150, इव्हान्स 104. मंकडने 73 षटकं टाकली आणि 196 धावांत 5 बळी घेतले. तेवढं झाल्यावर माणूस आंघोळ करून झोपला असता. हा पुन्हा सलामीला आला आणि 184 काढल्या. तो खेळपट्टीवर होता तोवर संघाच्या झाल्या 270, त्यातल्या 184 एकट्याच्या! भारताचा डाव 378 वर संपला. इंग्लंडला जिंकायला जेमतेम 77 हव्या होत्या. त्यातही मंकडने आणखी 24 षटकं टाकली. म्हणजे सामन्यात 97 षटकं आणि 256 धावा. लॉर्ड्सच्या ड्रेसिंग रूममध्ये शतकवाल्यांचा आणि पाच बळीवाल्यांचा असे वेगवेगळे फलक आहेत. एकाच सामन्यासाठी त्याचं नाव दोन्हींवर आहे.

भारत आठ गड्यांनी हरला.

हे मुद्दाम सांगतोय. कारण मंकडची गोष्ट सांगताना लोक 'बघा, त्याला आधीच घेतला असता तर' असा सूर लावतात. घेतला असता तरी मालिका बहुधा गेलीच असती. पुढच्या मँचेस्टर कसोटीत मंकड संघात होता, तरी भारत एकाच दिवसात दोनदा सर्वबाद झाला, 58 आणि 82. मालिका 3-0 अशी गेली. बाहेर खेळणारा परत आणला म्हणजे चमत्कार होतो असं नाही. चमत्कार हा मुद्दाच नाही.

मुद्दा असा की लॉर्ड्सवर 97 षटकं टाकणाऱ्या त्या माणसाची निष्ठा त्या पाच दिवसांत कुणी मोजली असती, तर ती काय निघाली असती? पगार हॅस्लिंगडनचा होता. टोपी भारताची होती. दोन्ही एकाच डोक्यात मावत होतं, काही अडचण नव्हती. अडचण होती ती वेळेवर निर्णय न घेणाऱ्यांची. आणि ऑक्टोबरात पाकिस्तान पहिल्यांदा आपल्याकडे खेळायला आला तेव्हा दिल्लीच्या कसोटीत 13 बळी घेणारा माणूस हाच. भारताने पहिल्यांदा मालिका जिंकली ती तेव्हा. बाहेर कमवायला गेलेला सहा महिन्यांत घरी होता आणि मॅच जिंकून देत होता.

उलटं उदाहरणही आपल्याकडे आहे. मुंबईचा सुभाष गुप्ते. लेगस्पिनर, 36 कसोट्यांत 149 बळी, 1958 साली कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध एका डावात 9. हाही लँकेशायर लीगमध्ये खेळलेला. 1961 साली दिल्लीत हॉटेलमधल्या त्याच्या रूममेटने रिसेप्शनिस्ट मुलीला फोन केला, तिने तक्रार केली, आणि रूममेटला अडवलं नाही म्हणून शिक्षा गुप्तेलाही झाली. 1962 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर त्याला नेलं नाही. पुन्हा तो भारताकडून कधीच खेळला नाही. बायको त्रिनिदादची होती, तो तिकडे जाऊन स्थायिक झाला आणि 2002 साली तिथेच वारला. बाहेर गेला म्हणून संघातून गेला असं झालं नाही. संघातून गेला, मग देशाबाहेर गेला. हा क्रम आपण नेहमी उलटा सांगतो.

बरं, हे झालं जुन्या गरीब काळाचं. आता मंडळाकडे पैसाच पैसा आहे. आता काय चित्र आहे?

श्रीरामपूरचा झहीर खान घ्या. 2006 साली भारतीय संघातून बाहेर होता. इंग्लंडला गेला, वूस्टरशायरकडून काउंटी खेळला आणि हंगामात 78 बळी घेऊन आला. तिथल्या ढगाळ हवेत जुना चेंडू, नवा चेंडू, क्रीजचा वापर सगळं घोटून आला. त्याच वर्षाच्या शेवटी परत संघात. 2007 साली ट्रेंट ब्रिजला त्याने सामन्यात 9 बळी घेतले आणि भारताने 21 वर्षांनी इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी. बाहेर जाऊन शिकलेलं घरी कामाला येतं याला यापेक्षा मोठा दाखला काय हवा?

म्हणजे काउंटी चालते. पण परदेशातल्या टी-20 लीग चालत नाहीत. भारतीय पुरुष खेळाडूला तिकडे खेळायचं असेल तर आधी इथून निवृत्त व्हावं लागतं. मुंबईच्या प्रवीण तांबेला हा नियम नडला. हा माणूस 2013 साली वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी आयपीएलमध्ये पहिला सामना खेळला. आयुष्यभर क्लब क्रिकेट खेळून म्हातारपणी (क्रिकेटच्या हिशोबात) दार उघडलं. 2018 साली शारजाला टी-10 स्पर्धा खेळला. पुढे कोलकात्याने 2020 च्या हंगामासाठी त्याला 20 लाखांना घेतलं, आणि मंडळाने सांगितलं, तू बाहेरची लीग खेळलास, तू अपात्र. मग तो त्याच वर्षी कॅरिबियन लीगमध्ये खेळला, वय 48. तिथे खेळणारा पहिला भारतीय.

आता याच्या शेजारी सांगलीची स्मृती मानधना ठेवा. 2016 साली ती ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅशमध्ये ब्रिस्बेनकडून खेळली, नंतर इंग्लंडमध्ये वेस्टर्न स्टॉर्मकडून, पुढे 'द हंड्रेड'मध्ये सदर्न ब्रेव्हकडून. मंडळाच्या परवानगीने, राजरोस. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्जही तशीच. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा स्मृती उपकर्णधार होती, आणि सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 काढून संघाला फायनलमध्ये नेणारी होती जेमिमा. त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध, जिच्या लीगमध्ये ती खेळून आली होती.

एकच मंडळ, एकच देश, एकच टोपी. मुलींनी बाहेर खेळलं तर अनुभव आणि मुलांनी खेळलं तर बंदी? हा फरक निष्ठेचा असूच शकत नाही. तो बाजाराचा आहे. आयपीएलची किंमत टिकवायची तर तिथले चेहरे दुसऱ्या दुकानात दिसता कामा नयेत. हे कारण वाईट आहे असंही मी म्हणत नाही. दुकान चालवणाऱ्याने तसा विचार करणं साहजिक आहे. फक्त त्याला देशप्रेमाचं लेबल लावू नये.

इथवर प्रश्न होता पगाराचा: कमावतो कुठे? दुसरा प्रश्न वेगळा आहे: आहे कुणाचा? या दोन्हींची गल्लत झाली की सगळा गोंधळ होतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भारत सरकारने डिसेंबर 2008 मध्ये देऊन टाकलं. भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळता येईल. त्याआधी विजय अमृतराजचा अमेरिकेत वाढलेला मुलगा प्रकाश भारताकडून डेव्हिस कप खेळत होता. सुनीता राव 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाची जोडीदार होती. नव्या नियमाने हे बंद झालं. एक स्क्वॉशपटू दिल्ली उच्च न्यायालयात गेला, पण 2010 साली न्यायालयाने सरकारचं धोरण उचलून धरलं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे निवड करावीच लागते.

ती ज्याने करून दाखवली तो आपल्या पुण्याचा प्लेयर होता. अराता इझुमी. आई जपानी, वडील गुजराती, जन्म जपानमधला. 2006 साली भारतात फुटबॉल खेळायला आला, पुढे पुणे एफसीकडून खेळायला लागला. बालेवाडीला मॅच बघायला जाणाऱ्यांना तो चांगला आठवत असेल. जपानही दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्याने जपानचा पासपोर्ट सोडला, भारताचा घेतला, वडिलांकडचं नीलकंठ खंभोळजा हे नाव धारण केलं आणि 6 फेब्रुवारी 2013 ला कोचीला पॅलेस्टाईनविरुद्ध भारताकडून उतरला. तेव्हा तो तिशीत होता आणि पुढे मोजकेच सामने खेळला. एवढ्यासाठी एवढं सोडलं? हो. 2025 साली रायन विल्यम्सनेही ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याच्या आईकडचं घराणं मुंबईचं.

पण कागद हेच एकमेव माप आहे असंही नाही. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर बघा. 2010 साली भारताकडून 19 वर्षांखालील विश्वचषक खेळला, मुंबईकडून रणजी खेळला, मग कॉम्प्युटरचं शिक्षण घ्यायला अमेरिकेला गेला आणि इंजिनियर म्हणून नोकरीला लागला. (आमच्या जमातीचा सगळ्यात अभिमानाचा माणूस!) आयसीसीच्या नियमात देशात तीन वर्षं वास्तव्य असेल तर त्या देशाकडून खेळता येतं. जून 2024 मध्ये डॅलसला त्याने पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला जिंकून दिलं आणि सहा दिवसांनी न्यूयॉर्कला भारताविरुद्ध कोहली आणि रोहित दोघांनाही बाद केलं. इथे टीव्हीसमोर बसलेल्यांपैकी कुणी त्याला गद्दार म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. उलट 'आपला पोरगा' म्हणून कौतुकच झालं. जिथे राहतो, राबतो, तिथून खेळला. लोकांना ते आपोआप पटलं.

आता कडक नियमवाल्यांची बाजू. ती हलकी नाही. न्यूझीलंडसारखा छोटा देश म्हणतो, सगळे चांगले बाहेर गेले तर घरच्या सामन्यांना कोण येणार? कोवळी पोरं कुणाच्या विरुद्ध खेळून तयार होणार? खरं आहे. आपल्याकडे कसोटीवीर रणजी खेळायला उतरला की मैदानाबाहेर रांगा लागतात, आणि ज्या पोराने त्या दिवशी त्याला गोलंदाजी टाकली तो जन्मभर सांगत राहतो. घरचं मैदान ओस पडलं तर पुढचा झहीर श्रीरामपूरहून निघणार कसा?

पण या भीतीवर उपाय 'बाहेर गेलास तर तू आमचा नाहीस' हा नाही. उपाय तारखांचा आहे. वर्षातले अमुक आठवडे घरच्या स्पर्धेसाठी राखून ठेव, देशाने बोलावलं की ये, बाकी वेळ तुझा. गिटो लॉमधली वर्षांची अट असो की न्यूझीलंडची एका हंगामाची सुट्टी, दोन्ही याच दिशेच्या तडजोडी आहेत. आणि बदल्यात मंडळानेही एक शब्द द्यायचा: तू आमच्या हिशोबात आहेस की नाही, हे वेळेवर सांगू. मंकडने यापेक्षा जास्त काय मागितलं होतं?

म्हणून माझ्या मते नियम दोनच पुरेत. कमाई कुठे करतोस हे विचारायचं नाही, बोलावल्यावर येतोस का एवढं विचारायचं. आणि कुणाचा आहेस हे ठरवायला कागद किंवा वास्तव्य, यातलं एक माप आधी जाहीर करायचं आणि सगळ्यांना सारखं लावायचं. देशाने पासपोर्ट निवडला, ठीक आहे, देशाला तो शोभतो. गावाला मात्र वास्तव्यही चालावं. परभणीचा तो कामगार आणि हिंजवडीतला तो पोरगा, दोघांनाही कारेगावकडून खेळू द्यावं. अट एकच: एका हंगामात एकच गाव. इथे खेळलास तर त्याच हंगामात परभणीकडून उतरायचं नाही.

ही अट आधारच्या झेरॉक्सपेक्षा तपासायला जरा अवघड आहे, कबूल. पण मैदानावर कोण कुणासाठी पळतोय हे दोन ओव्हरमध्ये कळतं. हॅस्लिंगडनच्या गिरणी कामगारांना ते कळलं होतं, म्हणून त्यांनी आपला प्रो एका शब्दावर सोडला.